रात्रीच्या पाळीसाठी टॉर्च घेताना

रात्रीची लाईट असली की पाणी द्यायला रानात जावंच लागतं. त्यासाठी नवी टॉर्च घेताना दुकानदार आधी लुमेनचा आकडा सांगतो. त्यावर भुलू नका. लुमेन म्हणजे एकूण उजेड. तो किती लांब जाईल हे कॅन्डेलावर, म्हणजे झोताच्या तीव्रतेवर ठरतं. १०,००० कॅन्डेलाचा झोत कागदोपत्री २०० मीटर जातो, पण त्या टोकाला उजेड जेमतेम चांदण्याएवढाच. निम्मं अंतर धरून चाला.

उसाच्या कडेला बिबट्याचे डोळे चमकतात का, हे बघायला लांबचा झोत हवा. पण खरा धोका पायाशी असतो. बांधावरच्या पाचटात वेटोळं घालून बसलेली घोणस अरुंद, पांढऱ्याफटक झोतात पटकन दिसत नाही. तपकिरी रंगात तपकिरी मिसळून जातं. तिथे पसरट आणि किंचित पिवळसर, ४००० ते ५००० केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप) उजेड बरा. म्हणून माझं मत: एकाच महागड्या टॉर्चपेक्षा डोक्याला बांधायची एक साधी आणि हातात झोताची एक. दारं मोडताना, म्हणजे पाटाचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवताना, दोन्ही हात मोकळे राहतात, हा फायदा वेगळाच.

सेल १८६५० मापाचा, बदलता येणारा घ्या. त्यावर ९९०० एमएएच (सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप) छापलं असेल तर सरळ परत करा; या मापाच्या चांगल्या सेलमध्येही साधारण ३५००च मावतात. पाटात पडायची शक्यता असेल तर पाण्यापासून बचावाचा दर्जा आयपीएक्स७ किंवा ८ बघा, आयपीएक्स४ फक्त शिंतोड्यांपुरतं. गमबूट मात्र घालाच.