आयएलसीमध्ये एरर आधी घटते, मग वाढत जाते: माझा अनुभव

गॅन्ट्री रोबो (वरच्या चौकटीवर रुळांवरून सरकणारा), 2 सेकंदांची तीच ती हालचाल. मागच्या फेरीच्या एररवरून (हवी ती जागा आणि प्रत्यक्ष जागा यांतला फरक) पुढचा इनपुट सुधारणारं इटरेटिव्ह लर्निंग कंट्रोल (आयएलसी) लावलं. पहिल्या आठ-दहा फेऱ्यांत एरर झकास उतरायची, मग बारीक थरथर, आणि विसाव्या फेरीला मोटर किंचाळायची.

लर्निंग गेन (एररचा किती भाग दुरुस्तीत घ्यायचा तो गुणक) निम्मा केला, तर बिघाड फक्त उशिरा आला. पीआयडी (रोबोचा नेहमीचा कंट्रोलर) पुन्हा ट्यून केला, फरक शून्य. दोन आठवडे डोकं पिकलं.

चाललं ते असं. आधी साठलेला इनपुट शून्य केला. मग प्रत्येक फेरीच्या एररचा एफएफटी (कोणत्या फ्रिक्वेन्सीला किती एरर आहे ते दाखवणारं गणित) काढला. वाढ फक्त 40 हर्ट्झच्या वर होती. म्हणून 25 हर्ट्झचा लो-पास (त्यावरच्या फ्रिक्वेन्सी गाळणारा फिल्टर) लावला, तोही नुसत्या एररवर नाही (इथेच मी आधी फसलो होतो), तर जुना इनपुट अधिक दुरुस्ती या पूर्ण बेरजेवर. एकदा सरळ, एकदा उलटा चालवला, म्हणजे फेज सरकत नाही (सिग्नल वेळेत मागे पडत नाही). हिशोब फेरी संपल्यावर होतो, त्यामुळे उलटा चालवायला हरकत नाही. त्यानंतर दुरुस्तीसाठी एरर 6 सॅम्पल (मोजणीचे टप्पे) पुढची घेतली, कारण ड्राइव्हचा उशीर तेवढाच मोजला होता. शेवटी, अक्ष होमवर (सुरुवातीच्या जागेवर) पूर्ण थांबल्याशिवाय पुढची फेरी सुरू करायची नाही, अशी अट घातली.

300 फेऱ्या झाल्या, मोटर गप्प आहे.