दोन्ही मॉनिटर कॅलिब्रेट केलेत, तरी एकावर सावल्या काळ्याठिक्कर का दिसायल्यात?

वेरूळच्या कैलास लेण्यातला फोटो घ्या, ओवरीच्या आतला, जिथं ऊन पोचत नाही तिथला. डाव्या मॉनिटरवर खांबावरचं कोरीव काम दिसायलंय अन् उजव्यावर नुसता काळा दगड. कॅलिब्रेशन, म्हणजे सेन्सर लावून रंग-उजेड ठरलेल्या मापाला आणणं, दोन्हीचं एकाच सेन्सरनं झालेलं. अशा वेळी लगेच परत कॅलिब्रेशन करत बसू नका, त्यानं सहसा काही हलत नाही, कारण रंग अन् मधले टोन जुळतात पण एकदम काळ्याजवळ उजेडच इतका कमी असतो की साध्या सेन्सरचं रीडिंग डळमळतं.

आधी एक पट्टी बनवा. फोटोशॉपमध्ये एसआरजीबीची (रंगांचं नेहमीचं स्टँडर्ड) काळी फाईल घ्या, त्यात लाल, हिरवा, निळा तिन्हीला सारखाच आकडा देऊन (0 काळा, 255 पांढरा) आरजीबी 2, 4, 6 असे 20 पर्यंत चौकोन भरा. मॉनिटर अर्धा तास तापू द्या, मग प्रत्येकावर बघा कुठला चौकोन पहिला दिसतो.

16 च्या आसपासपर्यंत सगळेच गायब असतील तर भांडण केबलमधल्या सिग्नलचं आहे. कॉम्प्युटर 0 ते 255 पाठवतोय अन् मॉनिटर त्याला टीव्हीसारखं 16 ते 235 समजतोय, म्हणून खालचं सगळं कापलं जातं. एचडीएमआयवर हे लई वेळा होतं. ग्राफिक्स कार्डाच्या सेटिंगमध्ये फुल रेंज करा, मॉनिटरच्या मेनूत ब्लॅक लेव्हल बघा, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट अन् ते गेमिंगवाले शॅडो बूस्ट बंद करा. यानंतर मात्र कॅलिब्रेशन नव्यानं करावंच लागतं.

फोटोशॉपमध्ये जुळतंय पण साध्या फोटो व्ह्यूअरमध्ये नाही? मग कर्व्ह तपासा, म्हणजे कुठल्या आकड्याला किती उजेड द्यायचा ते माप. एक मॉनिटर गॅमा 2.2 ला अन् दुसरा एसआरजीबी कर्व्हला लावलेला असतो, लोकांना वाटतं दोन्ही एकच. उजळ टोनमध्ये एकच म्हणा हवं तर, पण 10 नंबरच्या चौकोनाला एसआरजीबी कर्व्ह जवळपास चौपट उजेड देतो, 5 ला तर आठपटीच्या वर. दोन्हीला टार्गेट एकच द्या. आणि विंडोजमध्ये स्क्रीन डुप्लिकेट नको, एक्सटेंड ठेवा, म्हणजे ज्याची प्रोफाईल (कॅलिब्रेशनमधून बनलेली रंगांची फाईल) त्याला लागते.

आता पॅनल, म्हणजे खुद्द स्क्रीन; आयपीएस अन् व्हीए हे त्याचे दोन प्रकार. आयपीएसचा कॉन्ट्रास्ट (पांढऱ्या-काळ्याच्या उजेडाचं प्रमाण) साधारण 1000:1, म्हणजे ब्राइटनेस 120 निट्स (उजेडाचं माप) ठेवला तर काळा 0.12 निट्स. व्हीएचा 3000:1 धरला तर 0.04. हा फरक कुठलंच कॅलिब्रेशन मिटवत नाही. शिवाय व्हीएवर समोरून बघताना गडद छटा बुडतात अन् मान जरा बाजूला केली की वर येतात, करून बघा, तसं झालं की समजा पॅनलच तसा आहे. सावल्यांचा निर्णय मग आयपीएसवरच घ्यायचा, दुसऱ्यावर टूल्स अन् फोल्डर ठेवा.

खोलीकडंही बघा. दुकानाचं शटर उघडं अन् रस्त्यावरचं ऊन एकाच स्क्रीनवर पडायलंय तर कितीही भारी मॉनिटर असू द्या, सावल्या धुवून निघणारच. दोन्ही मॉनिटरच्या जागा अदलाबदल करा. फरक जागेबरोबर राहिला तर पडदा लावा.

एवढं करूनही नवरदेवाच्या काळ्या सुटाच्या घड्या खरंच गेल्यात का असं वाटत असेल तर फोटोशॉपचं इन्फो पॅनल (कर्सरखालचे आरजीबी आकडे दाखवणारं) उघडून कर्सर तिथं न्या. आकडे 3-4 च्या वर हलतच नसतील तर फाईलच काळी आहे, रॉ (कॅमेऱ्यातली मूळ फाईल) उघडून शॅडोज वाढवा. 20-25 मध्ये खालीवर होत असतील तर घड्या फाईलमध्ये शाबूत आहेत, स्लायडरला हात लावू नका.