बाळाला लोहाचे सिरप कसे द्यावे

जन्मताना बाळ लोहाची जी शिदोरी घेऊन येते, ती साधारण सहा महिन्यांत सरत येते, आणि नेमका तेव्हाच मेंदू झपाट्याने वाढत असतो. मज्जातंतूंवर मायलिनचे आवरण चढायला लोह लागते. पहिल्या दोन वर्षांत ते दीर्घकाळ कमी पडले, तर पुढे रक्त भरून निघाले तरी शिकण्यातली उणीव मागे राहू शकते. म्हणून मूल फिकट दिसेपर्यंत थांबू नये.

ॲनिमिया मुक्त भारत कार्यक्रमानुसार ६ ते ५९ महिन्यांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा १ मिली सिरप द्यायचे असते. त्यात २० मिलिग्रॅम लोह आणि १०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. आशाताईंकडून बाटली मिळाली की दोन वार पक्के ठरवावेत व दिनदर्शिकेवर खूण करावी, कारण खरा खंड पडतो तो विसरण्यामुळेच.

बाळाचे खाणे झाल्यावर त्याला मांडीवर बसते धरावे, औषध गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू सोडावे आणि वर दोन घोट पाणी पाजावे, म्हणजे दातांवर डाग पडत नाहीत. चहा किंवा दुधासोबत मात्र ते देऊ नये. सकाळी यंत्रमागावर किंवा विड्या वळायला निघायच्या घाईत बाळाच्या हाती चहात बुडवलेले बिस्कीट दिले जाते, हे आपल्याकडे सर्रास दिसते; पण चहातील टॅनिन लोह शोषू देत नाही, म्हणून लहान मुलांना चहा नकोच. त्याऐवजी वरणात कुस्करलेल्या ज्वारीच्या भाकरीवर लिंबू पिळावे. सांगोल्याचे डाळिंब जरूर द्यावे, परंतु रंग लाल असला तरी त्यात लोह अगदी थोडे असते, तेव्हा त्याच्या भरवशावर सिरप बंद करू नये.

शी काळी होते. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. ताप किंवा जुलाब असल्यास बरे वाटेपर्यंत थांबावे. मूल अतिकुपोषित असेल किंवा त्याला थॅलेसेमिया अथवा सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय थेंबही देऊ नये. रक्तक्षय आढळल्यास उपचाराचा डोस वजनावरून ठरतो व तो रोजचा असतो. हे सिरप मनाने वाढवून तो साधत नाही. लोहाचा अतिडोस लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतो, यासाठी बाटली झाकण घट्ट लावून उंच फळीवर ठेवावी आणि मुलाने ती चुकून प्यायल्यास लक्षणांची वाट न पाहता बाटलीसह तत्काळ रुग्णालय गाठावे.