लोहकीस, वाळू, मीठ आणि नवसागर: मिश्रण वेगळे कसे करावे आणि ओळख कशी पटवावी

या चार पदार्थांचे मिश्रण शाळेच्या प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. चुंबक फिरवायचा, तापवायचे, पाण्यात विरघळवायचे, गाळायचे, आटवायचे. चार ढीग तयार झाले की प्रयोग संपला असे मानतात. माझ्या मते तिथे तो अर्धाच झालेला असतो. बशीत उरलेल्या पांढऱ्या भुकटीला आपण मीठ म्हणतो ते केवळ आपणच त्यात मीठ घातले होते म्हणून. ती खरोखर मीठ आहे का आणि फक्त मीठच आहे का, हे पदार्थाकडूनच वदवून घ्यायला हवे. म्हणून इथे वेगळे करण्याइतकीच जागा ओळखण्याला दिली आहे.

हा प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखाली, प्रयोगशाळेतच करा. डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवा आणि खिडक्या उघड्या हव्यात.

मिश्रण बनवण्याआधी

१० ग्रॅम मिश्रण पुरते: लोहकीस २ ग्रॅम, वाळू ३ ग्रॅम, मीठ ३ ग्रॅम, नवसागर २ ग्रॅम. प्रत्येकाचे वजन वहीत लिहून ठेवा, शेवटी ते लागेल.

वाळूकडे नीट लक्ष द्या. आपल्याकडच्या नद्यांची वाळू बहुतेक ठिकाणी काळ्या बेसॉल्ट खडकाची आहे आणि त्यात मॅग्नेटाइटचे काळे कण असतात. ते चुंबकाला चिकटतात आणि लोहकिसाचे वजन उगाच वाढवतात. कोकणातल्या किनाऱ्यावरची वाळू आणली तर तिच्यात शंख-शिंपल्यांचा चुरा असतो. तेव्हा वाळूतून आधी चुंबक फिरवा, मग ती विरल हायड्रोक्लोरिक आम्लात भिजवा. बुडबुडे येणे थांबले की पाण्याने स्वच्छ धुऊन वाळवा. मीठही प्रयोगशाळेतले शुद्ध घ्या. खडेमिठात मॅग्नेशिअमचे क्षार असतात, ते हवेतले पाणी शोषतात आणि वजनात घोळ होतो.

क्रम बदलू नका

आधी चुंबक, मग उष्णता, मग पाणी. पाणी आधी घातले तर मीठ आणि नवसागर दोन्ही विरघळतात आणि ओला लोहकीस गंजू लागतो. उष्णता आधी दिली तर वेगळीच अडचण येते. नवसागर म्हणजे अमोनिअम क्लोराइड. तापवल्यावर त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो आणि तो लोखंडावर चढाई करतो. कल्हईवाला तापलेल्या भांड्यावर नवसागर टाकतो तो याच गुणासाठी: धातूवरचा ऑक्साइडचा थर निघून जातो आणि कथील नीट बसते. तिथे हा गुण उपयोगी पडतो, पण आपल्या मिश्रणात लोहकीस शिल्लक असेल तर तोच नडतो.

पायरी १: चुंबक. मिश्रण कागदावर पातळ पसरा. चुंबक पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळा, नाहीतर कीस त्याच्यावरून सोडवता सोडवता तास जाईल. मिश्रणावर फिरवा, दुसऱ्या कागदावर नेऊन पिशवीतून चुंबक बाहेर ओढा. कीस खाली पडेल. किसासोबत वाळूचे आणि मिठाचे कणही येतात, म्हणून पडलेल्या किसावर पुन्हा चुंबक फिरवा आणि मागे राहिलेले कण मूळ मिश्रणात परत टाका.

पायरी २: संप्लवन, म्हणजे घन पदार्थ न वितळता वायू होणे. उरलेले मिश्रण चिनी मातीच्या बाष्पनपात्रात घ्या. त्यावर काचेचे नरसाळे उपडे ठेवा आणि नळीच्या तोंडात कापसाचा सैल बोळा घाला. घट्ट बसवू नका, आतल्या गरम हवेला वाट हवी. नरसाळ्याच्या बाहेरून ओल्या कागदाची पट्टी गुंडाळा आणि मंद आच द्या.

थोड्या वेळाने पांढरा धूर उठतो आणि नरसाळ्याच्या थंड काचेवर भुकटीचा थर जमतो. नवसागर सरळ वायू होऊन परत घट्ट झाला असे वाटते, पण आत घडते ते याहून सुंदर आहे. सुमारे ३४० अंश सेल्सिअसला तो अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड या दोन वायूंमध्ये फुटतो आणि थंड भाग लागताच ते दोघे जुळून पुन्हा नवसागर होतो. मीठ वितळायलाच ८०१ अंश लागतात, त्यामुळे ते खाली स्वस्थ बसून राहते.

धूर पूर्ण थांबल्यावर आच बंद करा. सगळे थंड होईपर्यंत नरसाळे उचलू नका. घाई केली तर हात भाजतो आणि धूरही नाकात जातो. मग भुकटी खरवडून घ्या.

पायरी ३: विरघळवणे आणि गाळणे. वाळू-मिठात २५ मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटर घालून काचकांडीने ढवळा. तीन ग्रॅम मिठाला एवढे पाणी भरपूर होते. गाळणकागदातून गाळा. कागदावरची वाळू ५-५ मिलिलिटर पाण्याने दोन-तीनदा धुवा आणि ते पाणीही खालच्या चंचुपात्रातच येऊ द्या. सगळे पाणी एकदम ओतण्यापेक्षा थोडे थोडे घातल्याने जास्त मीठ निघते.

पायरी ४: आटवणे. गाळलेले द्रावण बाष्पनपात्रात तापवा. तळाशी थोडेसे पाणी उरले की थेट आच बंद करून पात्र उकळत्या पाण्याच्या वाफेवर ठेवा. या टप्प्यावर थेट आच चालू ठेवली तर मीठ तडतडून बाहेर उडते आणि तेवढे वजन हातचे जाते.

आता ओळख पटवा

लोहकीस: चिमूटभर कीस परीक्षानळीत घेऊन विरल हायड्रोक्लोरिक आम्ल घाला. बुडबुडे येतील, नळीच्या तोंडाशी पेटती काडी नेल्यास फट्‌ आवाज होतो, तो हायड्रोजन. फिकट हिरव्या द्रावणात सोडिअम हायड्रॉक्साइड घातले की मळकट हिरवा अवक्षेप (द्रावणातून वेगळा पडणारा घन पदार्थ) पडतो आणि हवेत वरून हळूहळू तपकिरी होत जातो.

नवसागर: थोडी भुकटी चुन्याच्या निवळीऐवजी घट्ट चुन्यात मिसळून किंचित गरम करा. अमोनियाचा झणझणीत वास येतो. नळीला नाक लावू नका, हाताने वारा घालून वास घ्या. ओला तांबडा लिटमस निळा होतो. लिटमस नसेल तर हळदीच्या पाण्यात बुडवलेला कागद ओला करून धरा, तो लालसर होईल.

मीठ: इथे दोन गोष्टी सिद्ध करायच्या असतात, सोडिअम आणि क्लोराइड. सोडिअमसाठी ज्योत परीक्षा. स्वच्छ तारेवर थोडे मीठ घेऊन निळ्या ज्योतीत धरले की गडद पिवळा रंग येतो. पण ही परीक्षा फार संवेदनशील आहे, बोटांच्या घामातले मीठही ज्योत पिवळी करते. म्हणून आधी नुसती तार धरून पाहा. रंग आला तर तार आम्लात बुडवून, तापवून पुन्हा स्वच्छ करा.

क्लोराइडसाठी द्रावणात विरल नायट्रिक आम्लाचे थेंब घालून मग सिल्व्हर नायट्रेट घाला. दह्यासारखा पांढरा अवक्षेप पडतो आणि अमोनियाच्या द्रावणात विरघळतो. त्यात नायट्रिक आम्ल घालून द्रावण आम्लधर्मी केले की अवक्षेप परत दिसतो. हे शेवटचे काम लगेच करा, कारण चांदी असलेले अमोनियाचे द्रावण साठवले तर त्यात स्फोटक पदार्थ तयार होऊ शकतो. सिल्व्हर नायट्रेट कातडीवर पडले तर काळे डाग पडतात, हातमोजे घाला. आणि हीच परीक्षा नुसत्या डिस्टिल्ड वॉटरवरही करून बघा. ते पाणीच गढूळ झाले तर मिठाबद्दल काहीच सिद्ध झालेले नाही.

वाळू: ती पाण्यात विरघळत नाही, विरल आम्लात विरघळत नाही, बुडबुडे देत नाही. काय करत नाही यावरूनच तिची ओळख पटते.

उलट परीक्षा

बहुतेक वह्यांमध्ये हा भाग नसतो आणि मला तोच सर्वांत मोलाचा वाटतो. प्रत्येक ढिगात जे नसायला हवे ते शोधा. मिठात चुना मिसळून गरम केल्यावर अमोनियाचा वास आला तर संप्लवन अर्धवट राहिले. नवसागराने ज्योत बराच वेळ गडद पिवळी ठेवली तर खरवडताना मीठ मिसळले. वाळू धुतलेले शेवटचे पाणी वेगळे धरा आणि त्यावर सिल्व्हर नायट्रेट टाका. ते पांढरे झाले तर वाळू अजून धुवायला हवी.

चारही ढिगांची वजने मात्र या सगळ्या परीक्षांच्या आधीच करा. चाचण्यांना लागेल तो अंश या वजनानंतरच काढा. बेरीज १० ग्रॅमपेक्षा थोडी कमी भरेल, कारण काही नवसागर बोळ्यातून निसटतो आणि काही कण कागदाला चिकटून राहतात. बेरीज १० च्या वर गेली तर वाळू किंवा मीठ ओले आहे असे समजा. पुन्हा तापवा, थंड होऊ द्या, वजन करा, आणि सलग दोन वजने सारखी येईपर्यंत हे चालू ठेवा.