फिशआयचं वाकलेलं क्षितिज सरळ करताना

वेळणेश्वरला फिशआयने (खूप रुंद दृश्य टिपणाऱ्या लेन्सने) काढलेल्या फोटोंत क्षितिज कमानीसारखं वाकलं होतं, कडेचे माडही बाकदार. गिंप या फोटो एडिटिंग सॉफ्टवेअरच्या लेन्स डिस्टॉर्शन फिल्टरमध्ये स्लायडर अंदाजानेच सरकवावे लागतात. मधला भाग सरळ झाला तरी कडा वाकड्याच.

शेवटी मोफत मिळणारं ह्युगिन हे पॅनोरमा जोडायचं सॉफ्टवेअर घेतलं. लेन्सचा प्रकार फिशआय निवडायचा, फोकल लेंग्थ आणि क्रॉप फॅक्टर (कॅमेऱ्याचा सेन्सर फुल-फ्रेमपेक्षा किती पट लहान, तो आकडा) भरायचे. मॅन्युअल, म्हणजे कॅमेऱ्याला माहिती न पाठवणारी लेन्स असेल तर हे आकडे फोटोत नसतात, स्वतःच टाकावे लागतात. मग प्रोजेक्शन, म्हणजे दृश्य सपाट चित्रावर मांडायची पद्धत निवडायची. रेक्टिलिनियर प्रोजेक्शनमध्ये सगळ्या रेषा सरळ होतात, पण कडेची माणसं ताणून रुंद होतात, आणि पूर्ण १८० अंश त्यात मावतच नाहीत. म्हणून माणसं असतील तिथे मी पॅनिनी हे दुसरं प्रोजेक्शनच वापरतो: माड ताठ, चेहरे बरेचसे जागच्या जागी. फक्त क्षितिज मध्यावर आणून ठेवा, नाहीतर ते पुन्हा वाकतं.