किंमत ठेवून एकसामयिक समीकरणं सोडवताना या चुका टाळा

वर्षानुवर्षं वह्या तपासते आहे. मुलं बदलतात, चुका बदलत नाहीत. पद्धत तर एवढीशी आहे: एका समीकरणातून एका चलाची किंमत दुसऱ्या चलाच्या रूपात काढायची आणि ती उरलेल्या समीकरणात ठेवायची. पुढचं सगळं या एकाच जोडीवर सांगते.

२क्ष + य = ८ … (१)
३क्ष − २य = ५ … (२)

कंस न घालणं

(१) वरून य = ८ − २क्ष. आता (२) मध्ये य च्या जागी काय येणार? आख्खं (८ − २क्ष), कंसासकट. घाईत लिहिलं जातं ३क्ष − २ × ८ − २क्ष = ५, आणि क्ष येतो २१. कंस घालणारी मुलंही तो सोडवताना बाहेरच्या −२ चं वजा चिन्ह आतल्या −२क्ष पर्यंत नेत नाहीत. मग ३क्ष − १६ − ४क्ष = ५ होतं, क्ष = −२१ आणि य = ५०.

हेच उत्तर एकदा परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी एक मुलगा माझ्याकडे घेऊन आला होता. "मॅडम, एवढं बघता का?" घरी जायची गडबड होती. मी (१) मध्ये किमती ठेवल्या: −४२ + ५० = ८. जुळलं. बरोबरची खूण केली. दुसऱ्या दिवशी पेपरनंतर तो पुस्तक घेऊन आला. मागच्या उत्तरांत (३, २) छापलं होतं आणि त्याचं ठाम म्हणणं, छपाईची चूक आहे, तुम्हीच ताळा करून दिलात. पेपरातल्या गणितातही त्याने कंस तसाच सोडवला होता. ते गुण माझ्यामुळे गेले, हे मी त्याला तेव्हाच सांगितलं.

झालं होतं असं, की य ची किंमत (१) मधूनच काढली होती. त्यामुळे क्ष काहीही आला तरी (१) जुळणारच. ताळा करायचा तो (२) मध्ये: −६३ − १०० = −१६३. पाच कुठे, हे कुठे! तेव्हापासून मी किंमत ज्या समीकरणातून काढली त्याच्यापुढे पेन्सिलीने छोटी फुली मारते. फुलीवाल्यात ताळा करायचा नाही. आणि कंस सोडवायला वेगळी ओळ घेते, कितीही सोपा असला तरी. "तोंडी होतं की" म्हणणाऱ्यांच्याच वहीत चिन्हं हरवलेली असतात. बरोबर सोडवलं तर ३क्ष − १६ + ४क्ष = ५, म्हणून ७क्ष = २१, क्ष = ३, य = २.

ज्यातून काढली, त्यातच परत ठेवणं

२क्ष + (८ − २क्ष) = ८, म्हणजे ८ = ८. इथे मुलं खुशाल "अनंत उकली" लिहून मोकळी होतात. अहो, समीकरण स्वतःशी जुळलं, एवढंच कळलं! अनंत उकली केव्हा? दुसरं समीकरण ४क्ष + २य = १६ असतं आणि किंमत त्यात ठेवून १६ = १६ आलं असतं, तर. तिथे ४क्ष + २य = १५ असेल तर १६ = १५ येतं, म्हणजे उकलच नाही; रेषा समांतर आहेत. चल गायब झालं की मी आधी फुली बघते, मग सहगुणकांची (चलाला गुणणाऱ्या संख्यांची) गुणोत्तरं. आपल्या जोडीत क्ष ची २ : ३ आणि य ची १ : −२. गुणोत्तरं वेगळी, तेव्हा उकल एकच असणार.

नको ते चल निवडणं

(१) मध्ये य चा सहगुणक १ आहे, आयता. तो सोडून (२) वरून क्ष = (५ + २य)/३ काढायचं कशाला? काढलंच, तर (१) ला ३ ने गुणताना प्रत्येक पदाला गुणा: १० + ४य + ३य = २४. इथे नुसता य किंवा नुसता ८ ठेवणारे पुष्कळ. कुठल्याच चलाचा सहगुणक १ किंवा −१ नसेल, तर मी सरळ लोप पद्धतीकडे वळते, म्हणजे समीकरणांची बेरीज-वजाबाकी करून एक चल घालवते.

क्ष मिळाला की वही मिटणं: य कोण काढणार?

य आधी मिळाला म्हणून उत्तर (२, ३) लिहिणं: जोडीत क्ष पहिला, मग य.

पक्षांतर करताना चिन्ह न बदलणं: यावर बोलायचं म्हणजे मागच्या इयत्तेत जावं लागेल. तिथे कच्चे असाल तर आधी एका चलाची वीस समीकरणं सोडवून या.