अमेरिकेत मणक्याचं ऑपरेशन आणि इन्शुरन्सची मंजुरी

कितीही दुखलं तरी डॉक्टरांपुढे "तसं बरं आहे" म्हणायची आपल्या लोकांना सवय असते. इथे कृपा करून तसं म्हणू नका. ते वाक्य जसंच्या तसं फाइलमध्ये जातं आणि प्रायर ऑथरायझेशन (इन्शुरन्स कंपनीची ऑपरेशनआधीची मंजुरी) देणारा माणूस तुम्हाला कधीच बघत नाही, तो फक्त फाइल बघतो. कळ पायात कुठवर जाते, किती मिनिटं उभं राहवतं, रात्री जाग येते का, लेकराला उचलता येतं का, हे प्रत्येक भेटीत सांगा. मग डॉक्टरांचं ऑनलाइन पोर्टल उघडून ते लिहिलं गेलंय का तेही बघा.

तातडीचं नसेल तर बहुतेक कंपन्या आधी साधारण ६ आठवड्यांची फिजिओथेरपी मागतात. घरची योगासनं, गावाहून आणलेलं तेल, यूट्यूबवरचे व्यायाम यांची नोंद कुठेच नसते, म्हणून ते धरत नाहीत. ओळखीतल्या एका मुलाने कोपे (दर भेटीला आपल्या खिशातून भरायची ठरलेली रक्कम) वाचवायला फिजिओ मध्येच सोडली. मागणी नामंजूर झाली, सगळे आठवडे पुन्हा करावे लागले, तोवर १ जानेवारी उलटली आणि डिडक्टिबल (इन्शुरन्स पैसे द्यायला लागण्याआधी दरवर्षी आपण भरायची रक्कम) नव्याने सुरू. वाचवलेल्या कोपेच्या कितीतरी पट पैसे गेले. कोपे भरा, पण फिजिओ सोडू नका.

फ्यूजन (मणके एकमेकांना कायमचे जोडायचं ऑपरेशन) असेल तर अनेक कंपन्या निकोटिन बंद केल्याचा पुरावा मागतात. तंबाखू आणि मिश्रीही त्यात आली.

अर्ज सर्जनचं ऑफिस पाठवतं, पाठपुरावा मात्र तुम्हीच करायचा. सीपीटी कोड (प्रत्येक उपचाराला दिलेला ठरावीक नंबर) विचारून घ्या; कमरेतली एका जागची सरकलेली डिस्क काढायची असेल तर बहुधा ६३०३०.

नकाराचं पत्र आलं की आपली माणसं गप्प बसतात, याचं मला फार वाईट वाटतं. आधी सर्जनना कंपनीच्या डॉक्टरशी 'पीअर टू पीअर', म्हणजे डॉक्टर-डॉक्टरांनी थेट, बोलायला सांगा. तरी नाही जमलं तर १८० दिवसांत अपील करा, तातडीच्या प्रकरणात ७२ तासांत निकाल द्यावा लागतो. तिथेही नकार आला तर ४ महिन्यांच्या आत बाहेरच्या तज्ज्ञांकडून फेरतपासणी मागता येते. त्यांचा निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो.

आईवडील व्हिजिटर इन्शुरन्सवर आले असतील तर त्यांच्या जुन्या मणक्याच्या दुखण्याचं ऑपरेशन त्यात बसणार नाही असंच धरून चाला.

लघवी-शौचावरचा ताबा गेला, जांघेत बधिरपणा आला किंवा पायातली ताकद झपाट्याने जायला लागली, तर यातलं काहीही करत बसू नका. थेट इमर्जन्सी रूम गाठा. तिथल्या उपचारांना आधी मंजुरी लागत नाही.